एमएफ डूमच्या रेकॉर्ड: आधी कुठली घ्यावी, कान कुठे द्यावा

एमएफ डूम हा रॅपर ऐकायचाय असं कुणी म्हटलं की त्याच्या हाती हमखास 'मॅडव्हिलनी' दिली जाते. अल्बम थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ४६ मिनिटांत २२ ट्रॅक, ध्रुवपद जवळजवळ कुठेच नाही, बरीचशी गाणी दोन मिनिटांच्या आसपास संपतात. कानाला पाय टेकायला जागा मिळायच्या आत पाच गाणी होऊन जातात. मग ती रेकॉर्ड कपाटात जाते आणि घेणारा म्हणतो, आपल्याला नाही बुवा कळलं. इथे क्रम चुकलेला असतो. डूमची पहिली रेकॉर्ड घ्यायची तर १९९९ची 'ऑपरेशन: डूम्सडे' घ्यावी. बाकीच्या सगळ्यांचं कुलूप तिथे उघडतं.

त्यासाठी थोडा मागचा इतिहास हाताशी हवा. डूमचं खरं नाव डॅनियल डुमिले. जन्म १९७१चा, लंडनचा. आई त्रिनिदादची, वडील झिम्बाब्वेचे. वाढला न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर. धाकटा भाऊ डिंगिलिझ्वे, म्हणजे डीजे सबरॉक, याच्याबरोबर त्याने केएमडी नावाचा चमू काढला. तेव्हा त्याचं नाव झेव्ह लव्ह एक्स. १९९१मध्ये इलेक्ट्रा कंपनीने त्यांचा 'मिस्टर हूड' काढला. भाषा शिकवणाऱ्या जुन्या रेकॉर्डमधले संवाद कापून-जोडून त्यांनी एक अख्खं पात्र उभं केलं, ती कल्पना आजही ताजी वाटते. दुसरा अल्बम 'ब्लॅक बास्टर्ड्‌स' तयार होत असताना १९९३मध्ये सबरॉक मोटारीच्या धडकेत गेला. तो १९ वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी मुखपृष्ठावरच्या, फासावर लटकवलेल्या 'सँबो'च्या (कृष्णवर्णीयांची टर उडवणाऱ्या जुन्या वर्णद्वेषी पात्राच्या) चित्रावरून ओरड झाली आणि इलेक्ट्राने अल्बम बाजारात न आणता केएमडीला सोडून दिलं. त्यानंतर काही वर्षं हा माणूस कुठेच दिसला नाही. नव्वदीच्या अखेरीस तो न्यूयॉर्कच्या न्युयोरिकन पोएट्स कॅफेमध्ये तोंडावर पायमोजा ओढून रॅप करू लागला. पुढे मुखवटा आला. नाव आणि वेष मार्व्हल कॉमिक्समधल्या डॉक्टर डूमवरून घेतलेला. नंतरचा धातूचा मुखवटा 'ग्लॅडिएटर' चित्रपटातल्या शिरस्त्राणाच्या प्रतिकृतीपासून केलेला. रॅपरचा चेहरा विकला जातो त्या काळात लोकांनी फक्त शब्द ऐकावेत, असं तो मुलाखतींत सांगत असे.

'ऑपरेशन: डूम्सडे' हा त्या परतीचा अल्बम. बॉबिटो गार्सियाच्या 'फाँडल एम' या छोट्या कंपनीने आधी सिंगल काढले, मग १९ ट्रॅकचा अल्बम. गाणी वेगवेगळ्या वेळी झालेली असल्यामुळे आवाजाची पातळी एकसारखी नाही. एका गाण्यात आवाज अंगावर येतो, पुढच्यात तो संगीताच्या मागे गेलेला असतो. नवी रेकॉर्ड आणून लावल्यावर अनेकांना वाटतं की छपाई खराब निघाली किंवा सुई गेली. सुई बदलायला धावू नका, मूळ ध्वनिमुद्रणच तसं आहे. सीडीवर आणि स्ट्रीमिंगवरही तेच ऐकू येईल. अॅम्प्लिफायरवर बास थोडा कमी आणि मधले सूर किंचित वर केले की शब्द सुटे होतात. 'लाउडनेस'चं बटण मात्र बंद ठेवा. खालचा गुबगुबाट आधीच भरपूर आहे आणि त्याने शब्द पार बुडतात.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा अल्बम सोपा जातो तो त्यातल्या लूपमुळे, म्हणजे जुन्या गाण्यातून कापून रॅपच्या खाली पुन्हा पुन्हा फिरवलेल्या तुकड्यांमुळे. डूमने इथे सत्तर-ऐंशीच्या दशकांतली गुळगुळीत, रेडिओवर वाजणारी गाणी घेतली. 'डूम्सडे'च्या खाली शादेचं 'किस ऑफ लाइफ' आहे, 'राइम्स लाइक डाइम्स'च्या खाली क्विन्सी जोन्सचं 'वन हंड्रेड वेज', 'गॅस ड्रॉल्स'च्या खाली स्टीली डॅनचं 'ब्लॅक काऊ'. तबल्याच्या एकलवादनात पेटीवर लेहरा धरलेला असतो, तसंच हे. लेहरा बदलत नाही, म्हणूनच तबलजी काय करतोय ते नीट कळतं. डूमचा लूपही तसाच अडून बसलेला असतो आणि वरचा आवाज त्याभोवती मोकळा फिरतो. 'टिक, टिक...' या गाण्यात त्याने उलट केलंय. तिथे खालची लय मुद्दाम वेग घेते आणि मंदावते, आणि डूम व एमएफ ग्रिम दोघेही ती धरून चालतात. रेकॉर्ड प्लेयरचा बेल्ट सैल झालाय असं समजून यंत्र उघडून बसणारे लोक या गाण्याने तयार केले आहेत. लय हलताना ऐकली की आधी पुढचं गाणं लावून बघा. ते सरळ वाजलं तर यंत्र ठीक आहे.

आणि '?' हे प्रश्नचिन्हाच्या नावाचं गाणं. क्युरियस या रॅपरबरोबरचं. यातल्या कडव्यात डूम धाकट्या भावाशी बोलतो. आवाज चढत नाही, संगीत थांबत नाही, कुठेही हुंदका नाही. नेहमीच्याच रांगड्या सुरात तो त्याला खबरबात सांगतो आणि त्याची आठवण काढतो. मुखवट्याची, खलनायकाची, कॉमिक्सच्या संवादांची एवढी सगळी मांडणी कशासाठी होती, ते या काही ओळींत समजतं. हा अल्बम आधी घ्यावा याचं सगळ्यात मोठं कारण हेच गाणं आहे.

आता 'मॅडव्हिलनी'. २३ मार्च २००४, स्टोन्स थ्रो कंपनी. संगीत मॅडलिब या निर्मात्याचं, शब्द डूमचे. मॅडलिबने यातले काही बीट, म्हणजे रॅपखालचं संगीत, ब्राझीलला साओ पावलोच्या हॉटेलच्या खोलीत केले. सामान होतं बॉस कंपनीचं एसपी-३०३ सॅम्पलर (आवाजाचे तुकडे साठवून वाजवणारं यंत्र), एक छोटा रेकॉर्ड प्लेयर, एक कॅसेट डेक आणि तिथेच विकत घेतलेल्या जुन्या रेकॉर्ड. एसपी-३०३ हे छोटं, आठ पॅडचं साधं यंत्र. त्यात जुन्या रेकॉर्डसारखा आवाज दाबणारी 'व्हाइनल सिम' नावाची सोय आहे. अल्बमचा तो किंचित धुरकट, कोंदलेला पोत या असल्या साधनांतून आलेला आहे, त्यामुळे 'रीमास्टर' करून चकाचक केलेल्या आवाजाची अपेक्षा ठेवून ही रेकॉर्ड घेऊ नये. खरखर मुळात सॅम्पलमध्येच आहे, ती ब्रशने जाणार नाही.

काम अर्धवट असतानाच त्याची प्रत बाहेर फुटली, अल्बम निघण्याच्या १४ महिने आधी. दोघेही वैतागून दुसऱ्या कामांना लागले. परत आले तेव्हा डूमने बराच भाग नव्याने म्हटला, आणि तिथे या अल्बमचं नशीब पालटलं. फुटलेल्या प्रतीत तो जोरात, उसळून बोलतो. अंतिम अल्बमवर आवाज खाली आणलाय, जवळ बसून पुटपुटल्यासारखा. 'फिगारो' दोन्हींत आहे, पाठोपाठ ऐका. शब्द जवळपास तेच, पण पहिल्यात शब्द तुमच्या मागे लागतात आणि दुसऱ्यात तुम्ही शब्दांच्या मागे जाता. एवढ्या गच्च यमकांना शांत आवाजच झेपतो. शब्दही दाट आणि आवाजही चढा असेल तर तिसऱ्या मिनिटाला कान थकतो.

यमकांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण डूमची सगळी कमाई तिथे आहे. आपण साधारणपणे ओळीच्या शेवटी भाकरी-चाकरी जुळवतो. डूम चार-पाच अक्षरांची अख्खी पट्टी जुळवतो. मराठीत करून दाखवायचं तर असं: कालची भाजी, चालती बाजी, दारची आजी. प्रत्येकात स्वर तेच, आ-ई-आ-ई. आता हे तुकडे ओळीच्या शेवटी न ठेवता एक सुरुवातीला, एक मध्ये, एक पुढच्या ओळीत शिरल्यावर ठेवा, आणि मधल्या जागेत एक सलग, अर्थ असलेलं वाक्य बसवा. आठ-दहा ओळी हीच पट्टी चालवा आणि कानाला तिची सवय झाली की न सांगता दुसरी धरा. हे तो करतो. मोरोपंतांच्या आर्या ज्याने रस घेऊन वाचल्या आहेत त्याला हा आनंद ओळखीचा वाटेल: अट स्वतःवर घालून घ्यायची, आणि ती पाळताना बोलणं मात्र सहज ठेवायचं.

दुसरी गोष्ट सम. डूम बहुतेक वेळा ठेक्याच्या केसभर मागे असतो आणि वाक्य आवर्तनाच्या शेवटी संपवत नाही. समेवरून पलीकडे नेऊन मग सोडतो. म्हणून पहिल्यांदा ऐकताना तो बेतालपणे बोलतोय असं वाटू शकतं. 'अकॉर्डियन' लावा आणि बोटाने फक्त स्नेअर ड्रमचे ठोके मोजा, शब्दांकडे लक्ष देऊ नका. दुसऱ्या खेपेला यमकाचा शब्द कुठे पडतो तेवढं बघा. तिसऱ्या खेपेला अर्थ. दोन मिनिटांचं गाणं आहे, तीनदा ऐकायला सहा मिनिटं लागतात. शब्द छापील समोर ठेवायचे ते तिसऱ्याच खेपेला. आधीच वाचत बसलं की डोळा पुढे धावतो आणि लय निसटते.

या अल्बमवरची माझ्या मते सगळ्यात चतुर रचना 'फॅन्सी क्लाऊन'. व्हिक्टर व्हॉन हे डूमचंच दुसरं पात्र. इथे व्हिक्टर आपल्या प्रेयसीला फोनवर झापतोय, कारण ती त्याला फसवून डूमबरोबर फिरते. म्हणजे एकच माणूस स्वतःच्याच मुखवट्याला शिव्या घालतो, आणि गाण्याच्या वेदनेत काही खोट वाटत नाही. खाली झेड. झेड. हिलचा आर्त आवाज. एक मिनिट ५५ सेकंद. 'ऑल कॅप्स'मध्ये तो आपलं नाव फक्त मोठ्या रोमन अक्षरांतच लिहावं असं बजावतो. देवनागरीत मोठी-छोटी अक्षरंच नसल्यामुळे त्याची ही इच्छा मराठीत पुरी करता येत नाही, याची खंत आहे. शेवटचं 'राइनस्टोन काऊबॉय' सगळ्यात लांब, चार मिनिटांचं. त्यात टाळ्यांचा कडकडाट आहे आणि त्या फुटलेल्या प्रतीचा उल्लेखही.

मॅडलिबचं काम आवडलं तर पुढे त्याची २००७ची 'बीट कंडक्टा इन इंडिया' जरूर घ्या. हिंदी चित्रपटसंगीताच्या जुन्या रेकॉर्ड कापून केलेली ती मालिका आहे. मुंबईच्या स्टुडिओंत वाजलेली व्हायोलिनं आणि ढोलक इतक्या दूर जाऊन काय झाली, हे आपल्या कानाला बाकीच्या जगापेक्षा लवकर कळतं.

'मॅडव्हिलनी' कुठल्या स्वरूपात घ्यावी? व्हाइनलवर ४६ मिनिटं चार बाजूंना वाटली जातात, म्हणजे एका बाजूला सरासरी साडेअकरा मिनिटं. बाजू छोटी असली की खाचांना ऐसपैस जागा मिळते आणि बास भरीव येतो, हा फायदा. पण या अल्बममध्ये गाणी एकमेकांत मिसळतात, आणि दर साडेअकरा मिनिटांनी उठलं की ती वीण तुटते. म्हणून ही एक रेकॉर्ड सीडीवर किंवा डिजिटल स्वरूपात, सलग ऐकावी. फोनवर ऐकत असाल तर 'शफल' बंद आणि 'गॅपलेस' चालू. गाण्यांत मध्येच सेकंदभराची शांतता आली तर ती सेटिंगची चूक आहे. 'ऑपरेशन: डूम्सडे' आणि 'एमएम..फूड' व्हाइनलवर घ्यायला हरकत नाही.

'एमएम..फूड' नोव्हेंबर २००४चा, राइमसेयर्स कंपनीचा. रोमन लिपीत एमएफ डूम लिहिताना येणारी सहा अक्षरं मागेपुढे केली की हे नाव तयार होतं. १५ पैकी जवळजवळ प्रत्येक ट्रॅकला खाण्यापिण्याशी जोडलेलं नाव, आणि आत खाण्याच्या भाषेत मैत्री, चुगलखोरी, दारू, इतर रॅपरांची हजेरी. 'डीप फ्राइड फ्रेंझ' मित्रांबद्दलचं. इतकं कडू आणि इतकं खरं गाणं त्याने क्वचितच लिहिलं. 'वन बियर'चा बीट मॅडलिबचा. 'रॅप स्निच निशेज'मध्ये स्वतःच्या गुन्ह्यांची कबुली गाण्यांतून देणाऱ्यांची खबर घेतली आहे. त्यातली गिटार डेव्हिड मॅथ्यूजच्या 'स्पेस ऑडिटी'ची. दोष एकच, पण मोठा. मध्यावर चार ट्रॅक सलग नुसते कार्टून आणि जाहिरातींच्या तुकड्यांचे आहेत. एकदा ऐकायला मजा येते, दहाव्यांदा नाही. बैठक तिथे मोडते. व्हाइनलवर सुई उचलून पुढे ठेवता येते. खाचांमधली रुंद, गुळगुळीत पट्टी म्हणजे दोन गाण्यांमधली जागा, ती दिव्याखाली तिरकी धरली की दिसते. खरेदीपूर्वी आणखी एक: 'कुकीज' या गाण्याचं मूळ संगीत नंतरच्या आवृत्तीत बदललेलं आहे. जुनी प्रत हवी असेल तर विक्रेत्याकडून निघालेलं वर्ष विचारून घ्या. २० वर्षं झाल्यावर २०२४मध्ये वेगळ्या मुखपृष्ठाची आवृत्ती निघाली आहे, तीवर जादा सामग्री आहे. पहिल्या खरेदीसाठी तिची गरज नाही.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. २००३च्या 'टेक मी टू युअर लीडर'वर तो किंग गिडोरा, म्हणजे जपानी राक्षसपटांतला तीन डोक्यांचा प्राणी. रॅप बहुतेक पाहुण्यांचा आहे, म्हणून डूमच्या आवाजासाठी घेतलीत तर निराश व्हाल, बीटसाठी घेतलीत तर खूश. त्याच वर्षीची 'व्होडव्हिल व्हिलन' व्हिक्टर व्हॉनच्या नावाने. संगीत दुसऱ्यांचं, थंड आणि यांत्रिक, पण शब्दांची धार सर्वांत तीक्ष्ण. तिचा पुढचा भाग 'व्हेनमस व्हिलन' टाळलात तरी चालेल. निर्माता डेंजर माऊसबरोबरची २००५ची 'द माऊस अँड द मास्क' हलकीफुलकी, अॅडल्ट स्विम वाहिनीच्या कार्टूनवर बेतलेली. ती कार्टून पाहिलेली नसतील तर निम्मे विनोद हवेत जातात. २००९ची 'बॉर्न लाइक धिस' ताकदीची आहे, 'गॅझिलियन इअर'मध्ये जे डिला या निर्मात्याचे बीट बदलत जातात ते ऐकण्यासारखं. पण त्यावर 'बॅटी बॉइझ' नावाचं समलैंगिकांची टिंगल करणारं गाणं आहे, आणि ते चांगलं नाही, हे स्पष्ट म्हणायलाच हवं. एकूणच या सगळ्या रेकॉर्डवर शिव्या, गांजा आणि बायकांबद्दलचे उणे उद्गार आहेत. घरात लहान मुलं असतील तर हेडफोन वापरा.

कार्यक्रमांचं खातं मात्र वाईट. २००७च्या सुमारास त्याने काही ठिकाणी मुखवटा घालून भलतीच माणसं मंचावर पाठवली, आणि पुढे त्याचं समर्थनही केलं. मुखवट्याच्या कल्पनेत ते बसतं हे खरं, पण तिकीट काढून आलेल्या माणसाला ते पटत नाही, आणि पटू नये. २०१०मध्ये युरोपच्या दौऱ्यानंतर त्याला अमेरिकेत परत प्रवेश मिळाला नाही. तो इंग्लंडमध्येच राहिला. २०१२चा 'की टू द कफ्स' त्या सक्तीच्या मुक्कामातला. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी लीड्समध्ये तो गेला, ४९व्या वर्षी. जगाला बातमी कळली ती ३१ डिसेंबरला.

व्हाइनल घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. डूमच्या रेकॉर्डच्या बनावट प्रती बऱ्याच फिरतात. जुनी प्रत घेताना लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्टीवर कोरलेला क्रमांक मागवून घ्या आणि अधिकृत प्रतीच्या क्रमांकाशी ताडून पाहा. मुखपृष्ठावरची बारीक अक्षरं फुटलेली दिसली तर व्यवहार तिथेच थांबवा. आणि सुटकेससारख्या स्वस्त प्लेयरवर या वाजवू नका. त्यांच्या सिरॅमिक कार्ट्रिजची (सुई बसवलेल्या भागाची) सुई पाचएक ग्रॅम दाबाने बसते, जाड बासवर उडते आणि खाच खाते. ऑडिओ टेक्निकाच्या व्हीएम९५ई सारख्या साध्या कार्ट्रिजला दोन ग्रॅम पुरतात. दाब त्याहून फार कमी ठेवला तरी 'स' आणि 'श' फाटतात, आणि डूमच्या बोलण्यात ते ठायी ठायी आहेत. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात कागदी पाकिटाला बुरशी धरते. आतलं पाकीट प्लॅस्टिकचं घाला आणि रेकॉर्ड उभ्याच ठेवा.

उरली 'स्पेशल हर्ब्ज'. डूमने मेटल फिंगर्स या नावाने काढलेली, नुसत्या बीटची, शून्य ते नऊ अशी दहा खंडांची मालिका. पहिला खंड २००१चा. जवळजवळ प्रत्येक ट्रॅकला वनस्पतीचं किंवा मसाल्याचं नाव, आणि आपल्या स्वयंपाकघरातली आणि बटव्यातली किती तरी नावं त्यात निघतात: मेथी, केशर, धणे, वेखंड, सदाफुली. 'सफेद मुसली' आणि 'पोदिना' तर आपल्याच नावाने. 'फेन्युग्रीक' म्हणजे मेथीवर पुढे २००६मध्ये रॅपर घोस्टफेस किल्लाने वू-टँग या आपल्या चमूतल्या साथीदारांसह 'नाइन मिली ब्रोज' केलं. 'अॅरो रूट' किंग गिडोराच्या 'नेक्स्ट लेव्हल्स'खाली आहे. मराठीत रॅप लिहिणाऱ्यांनी पहिला खंड लावून त्यावर सराव करावा. लूप लांब आहेत, मध्ये कुणी बोलत नाही, आणि श्वास कुठे घ्यायचा ते लगेच उघडं पडतं.